शरीरातील पाण्याचा जमाखर्च: नव्याने शिकणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

दिवसाला आठ ग्लास पाणी प्यायलाच हवे, हे वाक्य आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. त्याचे मूळ बहुधा १९४५ साली अमेरिकेतील अन्न व पोषण मंडळाने दिलेल्या शिफारशीत असावे. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण अडीच लिटर पाणी लागते, असे मंडळाने तेव्हा नमूद केले होते आणि त्यातील बहुतेक पाणी तयार अन्नातूनच मिळते, असेही लगोलग सांगितले होते. पहिले विधान जगभर पोहोचले आणि दुसरे मागे राहिले. त्यामुळे आज एकीकडे वरण-भात, ताक आणि आमटी पोटभर घेऊनही आठ ग्लास पूर्ण झाले नाहीत म्हणून चिंता करणारी माणसे दिसतात, तर दुसरीकडे मे महिन्याच्या उन्हात दिवसभर राबून आठ ग्लासांवर समाधान मानणारी माणसेही दिसतात.

पाण्याकडे ठरलेला आकडा म्हणून न पाहता जमाखर्च म्हणून पाहावे, असे मला मनापासून वाटते. शरीरातून आज किती गेले, त्याच्याबरोबर मीठ किती गेले आणि ते कोणत्या वाटेने परत द्यायचे, एवढे तीन प्रश्न विचारायची सवय लागली की पुढचे निर्णय बरेच सोपे होतात. स्वतःची, लहान बाळाची किंवा घरातील वृद्धांची काळजी घेण्याची जबाबदारी ज्यांच्यावर पहिल्यांदाच आली आहे आणि ज्यांनी उन्हातले काम नुकतेच सुरू केले आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

आधी थोडी ओळख

प्रौढ पुरुषाच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भाग पाण्याचा असतो. स्त्रियांमध्ये हे प्रमाण ५० ते ५५ टक्के असते, नवजात बाळात ते ७५ टक्क्यांच्या आसपास असते आणि म्हातारपणी ते कमी होत जाते. ६० किलो वजनाचा पुरुष घेतला तर त्याच्या अंगात ३६ लिटरच्या आसपास पाणी असते. त्यातील २४ लिटर पेशींच्या आत आणि १२ लिटर पेशींच्या बाहेर असते, आणि त्या १२ लिटरपैकी रक्तवाहिन्यांत फिरणारे रक्तद्रव जेमतेम ३ लिटर असते. पाणी कमी पडले की चक्कर येते आणि नाडी जलद चालते, ती प्रामुख्याने हा छोटा साठा आटू लागल्यामुळे.

याच पाण्यावर मूत्रपिंडे दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातील दीड-दोन लिटर मूत्ररूपाने बाहेर टाकून बाकीचे रक्तात परत घेतात. लाळ, जठररस, पित्त आणि आतड्यांतील रस मिळून रोज सुमारे ७ लिटर द्रव पचनमार्गात येतो, आणि तोही जवळजवळ सगळा पुन्हा शोषला जातो. जुलाबात माणूस काही तासांत का खचतो, याचे उत्तर या ७ लिटरमध्ये आहे. त्या वेळी प्यायलेल्या पाण्याबरोबर शरीराने स्वतः आतड्यात सोडलेले पाणीही परत न येता वाहून जाते.

घामाचेही असेच आहे. १ लिटर घाम त्वचेवर पूर्णपणे वाळला तर तो अंगातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. एवढी उष्णता आत अडकली असती तर ६० किलोच्या शरीराचे तापमान १० अंशांहून अधिक वाढले असते. मात्र घाम वाळला तरच अंग थंड होते. नागपूर-चंद्रपूरच्या कोरड्या उन्हात घाम लगेच उडून जातो, त्यामुळे आपल्याला घाम आलाच नाही असे वाटते आणि पाणी नकळत खर्च होते. मुंबईच्या किंवा कोकणाच्या दमट हवेत घाम नुसताच ओघळतो. पाणी जाते, पण अंग पुरेसे थंड होत नाही. या दोन्ही हवांत सावध राहायचे, पण कारणे वेगळी आहेत.

पहिली पायरी: आपले भांडे मोजावे

घरातील ज्या फुलपात्राने, ग्लासाने किंवा तांब्याने आपण पाणी पितो, ते मापाच्या भांड्याने एकदा मोजून पाहावे. मी स्वतः हे केले तेव्हा आमच्या घरातील फुलपात्र १६० मिलिलिटरचे निघाले आणि बाजारातून आणलेला काचेचा ग्लास ३०० चा. म्हणजे "मी आठ ग्लास पितो" या वाक्याचा अर्थ एकाच घरात सव्वा लिटरही होऊ शकतो आणि जवळजवळ अडीच लिटरही.

त्यानंतर दोन दिवस, एक कामाचा आणि एक सुट्टीचा, जे काही प्याल ते कागदावर लिहावे. पाणी, चहा, ताक, दूध, सरबत, कढी, सार सगळे धरावे. चहा अंगातील पाणी कमी करतो हा समज इतका पक्का आहे की अनेकजण चहा हिशेबात धरतच नाहीत. पण रोजच्या दोन-तीन कपांतील पाणी शरीराला मिळतेच. मद्याची गोष्ट वेगळी आहे. शरीरात पाणी धरून ठेवणाऱ्या संप्रेरकाला ते दाबते, म्हणून ते जमेच्या बाजूला लिहू नये.

आता हिशेब मांडू. आरामात, सावलीत आणि सौम्य हवेत राहणाऱ्या प्रौढाचा रोजचा खर्च सुमारे अडीच लिटर असतो: मूत्रावाटे साधारण दीड लिटर, त्वचा आणि श्वास यांतून पाऊण ते एक लिटर, आणि मलावाटे १०० ते २०० मिलिलिटर. जमेच्या बाजूला अन्न जाळताना शरीरात तयार होणारे २५० ते ३०० मिलिलिटर पाणी असते. जेवणातून मिळणारे पाणी मात्र ताटावर अवलंबून असते. वाटीभर तांदूळ शिजताना दोन वाट्या पाणी पितो आणि ते सगळे आपल्याच पोटात येते; वरण, आमटी, भाजीचा रस, काकडी, कलिंगड यांचेही तसेच. याउलट भाकरी आणि कोरडी चटणी, किंवा प्रवासात चिवडा-फरसाणावर काढलेला दिवस, यांतून पाणी फार थोडे मिळते, आणि अशा दिवशी पिण्याचे पाणी आपणहून वाढवावे लागते.

युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१० साली स्त्रियांसाठी २ लिटर आणि पुरुषांसाठी अडीच लिटर हे दिवसाचे प्रमाण दिले, तेही अन्नातील पाणी धरून. हे आकडे सौम्य हवामानासाठी आणि बेताच्या श्रमासाठी आहेत. आपल्या उन्हाळ्यात त्यांना किमान मर्यादा समजून पुढे जावे.

दुसरी पायरी: शरीराची पावती वाचावी

कागदावरचा हिशेब जुळतो की नाही हे मूत्राचा रंग सांगतो. रंग फिकट पिवळा, वाळलेल्या गवताच्या काडीसारखा असेल तर पाणी पुरेसे आहे. तो गडद, कोऱ्या चहाकडे झुकणारा झाला आणि चार-पाच तास लघवीला जावेसेच वाटले नाही, तर पाणी कमी पडते आहे. दिवसभर अगदी पाण्यासारखी रंगहीन लघवी होत राहिली तर बहुधा गरजेपेक्षा जास्त पिणे चालले आहे. सकाळची पहिली लघवी नेहमीच गडद असते, म्हणून पारख दुपारच्या रंगावरून करावी.

रंग फसवूही शकतो. ब जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी लघवी पिवळीजर्द होते, बीट खाल्ल्यावर ती लालसर दिसू शकते, आणि क्षयरोगावरील रिफाम्पिसिन या औषधाने नारिंगी होते. भरपूर पाणी पिऊनही रंग गडदच राहिला आणि डोळे पिवळे दिसू लागले, तर ती कावीळ असू शकते आणि डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे. त्याचप्रमाणे सतत तहान लागणे आणि वारंवार भरपूर लघवी होणे हे मधुमेहाचेही लक्षण आहे. उन्हाळा आहे म्हणून असे होते, अशी समजूत करून घेऊन रक्तातील साखरेची तपासणी लांबवू नये.

ज्यांचे काम अंगमेहनतीचे आहे त्यांच्यासाठी वजनकाटा हे आणखी चांगले साधन आहे. कामाआधी आणि कामानंतर वजन करावे. मधल्या काळात उतरलेले १ किलो म्हणजे अंगातून गेलेले साधारण १ लिटर पाणी. ६० किलोच्या माणसाचे वजन दिवसाच्या कामात सव्वा किलो उतरले, म्हणजेच वजनाच्या २ टक्के पाणी गेले, की कामाची ताकद घसरू लागते.

तिसरी पायरी: पाणी पिण्याजोगे आहे ना, ते पाहावे

किती प्यायचे हे ठरवण्याआधी काय पितो आहोत ते पाहावे. गढूळ पाण्यात तुरटी फिरवून गाळ खाली बसू द्यावा, वरचे पाणी गाळून घ्यावे, ते खळखळून उकळावे आणि झाकून थंड करावे. उकळणे शक्य नसेल तर आरोग्य केंद्रातून मिळणारे क्लोरीनचे द्रावण किंवा गोळ्या सांगितलेल्या प्रमाणात घालून अर्धा तास थांबावे. नुसत्या तुरटीने जंतू मरत नाहीत, हे ध्यानात ठेवावे. गावात टीसीएल पावडरने, म्हणजे ब्लिचिंग पावडरने, शुद्धीकरण होते, तेव्हा नळाच्या शेवटच्या टोकाला क्लोरीन पोहोचते की नाही हे ओटी टेस्टने, म्हणजे पाण्यातील क्लोरीन रंगावरून ओळखणाऱ्या ऑर्थोटोलिडिन चाचणीने, कळते. ग्रामपंचायतीकडे ती विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

शुद्ध केलेले पाणी घरातच पुन्हा दूषित होते ते हातांनी. माठात फुलपात्र बुडवताना बोटे पाण्यात जातात. म्हणून लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे किंवा तोटीचा माठ घ्यावा. यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेड जिल्ह्यांच्या काही भागांत विंधन विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आढळते. तिथे उकळण्याचा उपयोग नाही, उलट पाणी आटून फ्लोराइडचे प्रमाण वाढते. भारतीय मानकानुसार १ लिटर पाण्यात फ्लोराइड १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरा स्रोत नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत चालते. प्रयोगशाळेचा अहवाल त्याहून जास्त दाखवत असेल तर पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी स्रोतच बदलावा लागतो.

चौथी पायरी: दिवसभरात वाटून प्यावे

रक्तातील क्षारांची तीव्रता एक-दोन टक्क्यांनी वाढली तरी मेंदूतील अधश्चेतकाला ते कळते. तो तहान लावतो आणि मूत्रपिंडांना पाणी राखायला सांगणारे संप्रेरक सोडतो. निरोगी, तरुण आणि सावलीत बसलेल्या माणसाने या तहानेवर विश्वास ठेवायला हरकत नाही. मात्र एकदम तांब्याभर पाणी प्यायल्यास त्यातील बरेचसे तासा-दीड तासात लघवीवाटे निघून जाते, म्हणून उठल्यावर, जेवणाच्या वेळी, कामाच्या मध्ये आणि संध्याकाळी असे थोडे थोडे प्यावे. जेवताना पाणी प्यायल्याने पचन बिघडते किंवा उभ्याने प्यायल्याने गुडघे दुखतात, या समजुतींना आधार नाही. थंड की कोमट हा आवडीचा प्रश्न आहे.

इथे एका गोष्टीवर थांबायला हवे, कारण ती आरोग्याच्या लेखांत क्वचित लिहिली जाते. आपल्याकडे असंख्य स्त्रिया पाणी कमी पितात, आणि तहान लागत नाही हे त्याचे कारण नसते. जवळ स्वच्छतागृह नसते, म्हणून त्या पीत नाहीत. ऊसतोडीच्या फडात, बाजारात भाजी विकायला बसलेल्या, एसटीत वाहकाचे काम करणाऱ्या, बंदोबस्तावर उभ्या असलेल्या आणि शाळेतल्या मुलीही सकाळी निघतानाच ठरवतात की घरी परतेपर्यंत घोटभरच प्यायचे. त्याची किंमत मूत्रमार्गाच्या संसर्गाने मोजावी लागते. वारंवार मूत्राशयाचा संसर्ग होणाऱ्या आणि मुळात कमी पाणी पिणाऱ्या १४० स्त्रियांवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. ज्यांनी रोजच्यापेक्षा दीड लिटर पाणी जास्त प्यायले, त्यांना वर्षभरात सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, तर पूर्वीइतकेच पाणी पिणाऱ्यांना ३.२ वेळा.

केवळ "जास्त पाणी प्या" असे या स्त्रियांना सांगणे अन्यायाचे आहे. कामाच्या किंवा शाळेच्या ठिकाणी जबाबदारीच्या जागी असाल, तर पाण्याच्या टाकीआधी दाराला कडी असलेले, पाणी असलेले स्वच्छतागृह पाहावे. केरळमधील शाळांनी २०१९ साली मुलांना पाणी पिण्याची आठवण देणारी स्वतंत्र घंटा सुरू केली. अशी घंटा उपयोगी पडावी म्हणून तिच्यानंतर लघवीची सुट्टीही हवी. तोपर्यंत ज्यांना दिवसा पिणे शक्यच नाही, त्यांनी घरातून निघण्याच्या दोन तास आधी आणि परतल्याबरोबर पाणी वाढवावे. हा खरा उपाय नाही, पण नुकसान थोडे कमी होते.

पाचवी पायरी: उन्हात पाण्याबरोबर मिठाचाही विचार करावा

कष्टाच्या कामात तासाला लिटरभर घाम सहज जातो. अशा वेळी तहान मागे पडते, म्हणून तिची वाट न पाहता दर १५ ते २० मिनिटांनी पेलाभर, म्हणजे २०० ते २५० मिलिलिटर पाणी प्यावे. मात्र तासाला दीड लिटरच्या वर जाऊ नये. मूत्रपिंडे तासाला फार तर लिटरभर जादा पाणी बाहेर टाकू शकतात, आणि त्याहून अधिक साचले की रक्तातील सोडियम पातळ होऊन पेशी फुगू लागतात. डोके दुखते, मळमळते, भ्रम होतो आणि झटकेही येऊ शकतात. २००२ साली बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त शर्यत संपल्यावर तपासले, तेव्हा १३ टक्के जणांचे सोडियम सामान्य पातळीच्या खाली निघाले. शर्यतीत ज्यांचे वजन कमी होण्याऐवजी वाढले होते, त्यांच्यात हे प्रमाण विशेष होते. मॅरेथॉनची तयारी नव्याने सुरू करणाऱ्यांनी हे मुद्दाम लक्षात घ्यावे.

घाम खारट असतो, म्हणून परतफेडही थोडी खारट हवी. आपल्या स्वयंपाकघराने ही सोय कधीच करून ठेवली आहे: मीठ घातलेले ताक, कैरीचे पन्हे, कोकमाचे सरबत, ज्वारीची किंवा नाचणीची आंबील, कोकण-गोव्यातील पेज आणि तिच्याबरोबरचे लोणचे. दोन तासांहून जास्त काम असेल तर नुसत्या पाण्यावर न राहता यातील काहीतरी घ्यावे, आणि दुपारचे जेवण चुकवू नये, कारण बरेचसे मीठ जेवणातूनच येते. ताक किंवा पन्हे न्यायला स्टीलची बाटली घ्यावी. आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवू नयेत. रक्तदाबाच्या रुग्णांनी मीठ वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

उन्हाची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. म्हणून नवीन माणसाला पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी देऊ नये; सुरुवातीला थोडा वेळ काम आणि सावलीत जास्त विश्रांती द्यावी. कोणी असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला आणि त्याचे अंग तापले, तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत न्यावे, कपडे सैल करून अंगावर सतत गार पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी कधीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाते.

सहावी पायरी: जुलाबात पाणी परत द्यायला शिकावे

या लेखातील एकच पायरी आठवणीत राहणार असेल, तर ती ही राहावी. जुलाबात मृत्यू येतो तो मुख्यतः पाणी आणि क्षार गेल्यामुळे, आणि ते परत देण्याचे काम घरातील कोणीही करू शकते.

नुसते पाणी पुरत नाही, त्याला कारण आहे. आतड्याच्या अस्तरात एक असे दार आहे की जे साखर आणि मीठ दोघे बरोबर आले की उघडते, आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत ओढले जाते. कॉलऱ्यासारख्या आजारात आतड्यातून पाणी धो धो वाहत असते, तरीही हे दार चालू राहते. १९७१ साली बांगलादेशच्या मुक्तियुद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून देण्याच्या सलाईनचा साठा संपत आला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे मिश्रण पाण्यात विरघळवून रुग्णांना तोंडाने द्यायला सुरुवात केली. पाजण्याचे काम बरेचसे रुग्णांच्या नातेवाइकांनीच केले. मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते, ते ४ टक्क्यांच्या खाली आले. १९७८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने या शोधाला विसाव्या शतकातील कदाचित सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती म्हटले. महालनबीस २०२२ साली वारले आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

घरी काय करायचे ते क्रमाने सांगतो. हात साबणाने धुवावेत. ओआरएसच्या, म्हणजे तोंडाने द्यायच्या अशाच मीठ-साखरेच्या मिश्रणाच्या, पुडीवर ती किती पाण्यासाठी आहे ते वाचावे, कारण काही पुड्या १ लिटरसाठी असतात आणि काही २०० मिलिलिटरसाठी. तेवढेच स्वच्छ पाणी मोजून घ्यावे आणि पूर्ण पुडी एकाच वेळी घालावी. अर्धी पुडी अंदाजाने घालू नये, दुधात कालवू नये, वरून साखर टाकू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्राप्रमाणे १ लिटरच्या पुडीत १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असते. दुकानात त्याच कपाटात मिळणारी गोड, फळांच्या चवीची तयार पेये म्हणजे ओआरएस नव्हेत. त्यांतील जादा साखर आतड्यात उलट पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. म्हणून वेष्टनावरचे घटक वाचावेत. पुडी मिळालीच नाही तर १ लिटर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. मीठ यापेक्षा जास्त होता कामा नये.

दोन वर्षांखालील बाळाला प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिलिलिटर, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २००, आणि मोठ्यांना हवे तितके द्यावे. लहान मुलांना चमच्याने, मिनिटा-दोन मिनिटांनी एकेक चमचा पाजावा. उलटी झाली तर पाजणे सोडून न देता दहा मिनिटे थांबून आणखी सावकाश सुरू करावे. अंगावरचे दूध आणि नेहमीचे जेवण चालू ठेवावे, आणि मुलांसाठी झिंकच्या गोळ्या आरोग्य केंद्रातून घेऊन १४ दिवस पूर्ण द्याव्यात, जुलाब आधी थांबले तरीही. भांड्यावर मिश्रण केल्याची वेळ लिहावी आणि २४ तासांनंतर उरलेले टाकून द्यावे. मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश जागेवर जाऊ लागली, शौचात रक्त दिसले, सहा-आठ तास लघवी झाली नाही किंवा काहीच पोटात राहीना, तर वाटेतही ओआरएस पाजत दवाखाना गाठावा.

सातवी पायरी: ज्यांचा हिशेब वेगळा आहे त्यांना ओळखावे

सहा महिन्यांपर्यंतच्या निरोगी बाळाला आईच्या दुधाखेरीज वरचे पाणी अजिबात देऊ नये, भर उन्हाळ्यातही नाही. आईच्या दुधात बाळाला लागणारे सगळे पाणी असते. वरच्या पाण्याने जंतुसंसर्गाचा धोका येतो, इवलेसे पोट भरून दूध कमी पिले जाते, आणि लहान मूत्रपिंडांना ते जादा पाणी झेपत नाही. घरातील वडीलधारी मंडळी प्रेमापोटी चमचाभर पाजायचा आग्रह करतात. त्यांना हे कारण नीट समजावून सांगितले तर ती ऐकतात, असा माझा अनुभव आहे. दूध पाजणाऱ्या आईने मात्र रोजच्यापेक्षा सुमारे पाऊण लिटर जास्त प्यावे.

एकदा मुतखडा झालेल्यांनी पिण्याऐवजी लघवीचे माप लक्षात ठेवावे. दिवसभरात किमान दोन ते अडीच लिटर लघवी व्हावी इतके पाणी लागते, आणि रात्री झोपण्यापूर्वीही थोडे प्यावे. इटलीतील १९९६ च्या एका अभ्यासात दिवसाला दोन लिटरहून अधिक लघवी होईल इतके पाणी पिणाऱ्यांपैकी १२ टक्के जणांना पाच वर्षांत पुन्हा खडा झाला, तर तसे न करणाऱ्यांपैकी २७ टक्के जणांना. परदेशी थंड प्रदेशात राहायला गेलेल्यांनीही सावध असावे. तिथे तहान कमी लागते आणि उबवलेल्या घरांतील कोरडी हवा श्वासातून पाणी घेत राहते.

वृद्धांची तहान मंदावलेली असते. त्यांना पाणी कमी पडले तरी ते मागत नाहीत. त्यातच रात्री उठावे लागेल या धास्तीने अनेकजण संध्याकाळपासून पिणेच बंद करतात. त्यांच्या पाण्याचा मोठा वाटा दुपारपर्यंत संपेल असे पाहावे, आणि निर्जळी उपवासाचा विषय निघाला तर डॉक्टरांचे मत आधी घ्यावे. याउलट हृदय कमकुवत झालेले, डायलिसिसवर असलेले किंवा पायांवर सूज येणारे रुग्ण यांना डॉक्टर पाण्याची वरची मर्यादा घालून देतात. त्यांच्या बाबतीत या लेखातील कोणताही आकडा वापरू नये, आणि उन्हाळा वाढला म्हणून लघवीच्या गोळ्या आपल्या मनाने कमी-जास्तही करू नयेत. मर्यादेत चहा, आमटी, ताक, कलिंगड हे सगळे धरायचे असते, हे घरच्यांना बहुतेक वेळा कोणी सांगितलेले नसते.

आमच्या घरी आईसाठी रोज सकाळी १ लिटरचा झाकणाचा तांब्या भरून तिच्या हाताशी ठेवतो आणि दुपारी दोन वाजता त्यात किती उरले ते पाहतो. तो अर्ध्यावर आला नसेल तर तिला आवडणारे पातळ ताक किंवा मुगाचे कढण पुढे करतो. शेजारच्या काकांना हृदयविकारामुळे मर्यादा आहे, त्यांच्याकडेही असाच तांब्या आहे; तो संपला की त्या दिवसाचे पाणी संपले. तुमच्या घरात कोणता तांब्या लागेल हे डॉक्टरांना विचारावे आणि त्यांनी सांगितलेला आकडा चिठ्ठीवर लिहून, घरातील प्रत्येकाला दिसेल असा, त्याच्या झाकणाला चिकटवून ठेवावा.